तारीख ठरली म्हणून गोळ्या बंद करू नका

वाचकाचं पत्र

माझं वय 34. राहायला म्हापशात, नोकरी पणजीला. दीड वर्षापूर्वी बाबा हार्ट अटॅकने गेले. त्या दुपारी त्यांचे दोन मिस्ड कॉल होते आणि मी मीटिंगमध्ये होते. आठ महिने नैराश्याची गोळी, एसिटालोप्राम 10 मिलिग्रॅम, घेतेय. झोप सुधारली, पण छातीवरचं ओझं तसंच आहे. मांद्र्याला एका भाड्याच्या व्हिलात तीन आठवड्यांनी ‘हीलिंग सर्कल’ आहे. नशेचे मशरूम देणार आहेत, नाही मिळाले तर एलएसडीचा पेपर. चौदा जण आणि चालवणारा एकटा. त्याने सांगितलंय की दोन आठवडे आधी गोळ्या बंद करा, नाहीतर काही जाणवणार नाही. माझ्या सख्ख्या मामाला पंचविशीत भास सुरू झाले, तो अजून बांबोळीच्या मानसोपचार संस्थेच्या औषधांवर आहे. माझी मैत्रीण काही झालं तरी जाणार. ती म्हणते, तू घेऊ नकोस हवं तर, पण माझ्याजवळ बस. मी काय करू? आणि तयारी कशी करतात?

उत्तर

ताई, सर्वात आधी गोळीचं बोलू, कारण त्यासाठी तुमच्या हातात जेमतेम आठवडा आहे. एसिटालोप्राम बंद करू नका. आणि या व्हिलात तुम्ही स्वतः काही घेऊ नका. त्यामागचं सगळ्यात मोठं कारण तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलात, ते म्हणजे तुमचा मामा. मैत्रिणीजवळ बसायचं की नाही, हा खरा अवघड प्रश्न आहे. त्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

एसिटालोप्राम शरीरातून आठवडाभरात बऱ्यापैकी निघून जातं. पण आठ महिने त्या औषधाशी जुळवून घेतलेला मेंदू आठवडाभरात पूर्ववत होत नाही. एकदम थांबवलं की दोन-चार दिवसांत चक्कर येते, डोकं वळवलं की आतून करंट गेल्यासारखं वाटतं, झोप उडते, चिडचिड होते, विनाकारण रडू येतं. हे ओसरतं तोवर मूळ नैराश्य परत डोकं वर काढू शकतं. म्हणजे सर्कलचा दिवस उजाडेल तेव्हा तुम्ही वर्षातल्या सगळ्यात कच्च्या अवस्थेत असाल, आणि त्याच दिवशी मनाची दारं उघडणारं द्रव्य घ्यायचं. याला तयारी म्हणत नाहीत. गोळी कमी करायचीच असेल तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने, काही आठवडे घेऊन करतात. ती कमी करण्याचं कारण ‘आता बरं वाटतंय’ हे असावं लागतं. कॅलेंडरवरची तारीख हे त्याचं कारण असू शकत नाही.

‘नाहीतर काही जाणवणार नाही’ यात अर्धं सत्य आहे. या वर्गातल्या गोळ्या चालू असताना, आणि बंद केल्यावरही काही आठवडे, सायकेडेलिकचा, म्हणजे मशरूम-एलएसडीसारख्या द्रव्यांचा, परिणाम फिका पडल्याचं बऱ्याच लोकांनी नोंदवलं आहे. पण स्वित्झर्लंडमध्ये निरोगी माणसांना दोन आठवडे एसिटालोप्राम देऊन मग 25 मिलिग्रॅम सायलोसायबिन (मशरूममधलं द्रव्य) दिलं, तेव्हा चांगल्या अनुभवात फारसा फरक पडला नाही, भीती आणि अस्वस्थता मात्र कमी झाली. तेव्हा गोळी थांबवलीच पाहिजे, असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने विषय नीट वाचलेला नाही. खरा धोका दुसरीकडे आहे. गोळी चालू असलेल्या माणसाला तासाभरात काही जाणवत नाही, तो आणखी मागतो, आणि मग दोन्ही डोस एकत्र चढतात.

तुमच्या मैत्रिणीच्या औषधांचीही यादी करा. त्यात काय आहे यावर पुष्कळ काही ठरतं. बायपोलरवरचं लिथियम चालू असेल तर एलएसडी किंवा मशरूमनंतर फिट्स आल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात सायलोसायबिन कायदेशीर केंद्रांत दिलं जातं, तिथेही गेल्या तीस दिवसांत लिथियम घेतलेल्या माणसाला आत घेत नाहीत. ट्रॅमाडॉल आपल्याकडे कंबरदुखीवर सर्रास लिहून देतात. ते स्वतःच फिट येण्याचा उंबरठा खाली आणतं, आणि एमडीएमए म्हणजे एक्स्टसीबरोबर तर फारच वाईट. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक आणि खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, दोन्ही तुमच्या गोळीसारखीच मेंदूतल्या सिरोटोनिन या रसायनावर काम करतात. आणि कुणी अचानक ‘आज आयावास्का आणलाय’ म्हणालं, तर नैराश्याच्या गोळ्या चालू असलेल्या कुणीही तिथून उठून जावं. त्या काढ्यात सिरोटोनिनचं विघटन थांबवणारी वनस्पती असते. दोन्ही मिळून ताप, थरथर, स्नायू ताठरणं आणि शुद्ध हरपणं इथपर्यंत मजल जाते. फ्लुओक्सेटिनचा अंश तर गोळी थांबवल्यावरही पाच आठवडे शरीरात राहतो. तेव्हा ‘मी गेल्या आठवड्यात सोडली’ याला काही अर्थ नाही.

आता मामा. सायलोसायबिनच्या वैद्यकीय चाचण्यांत माणूस निवडताना आई-वडील किंवा भावंडांत स्किझोफ्रेनिया अथवा बायपोलर आहे का, हे विचारतात, आणि असेल तर त्याला घेत नाहीत. काही चाचण्या मामा, काका, मावशी, आत्या, आजी-आजोबा इथपर्यंत विचारतात. कारण सरळ आहे. ज्यांच्या रक्तात हा कल आहे, त्यांच्यात अशा द्रव्याने आजार जागा होण्याची भीती असते, आणि जागा झालेला आजार सहा तासांत उतरत नाही. तुम्हाला तो होईलच असं नाही, बहुतेक भाच्यांना होत नाही. पण चाचणीतले डॉक्टर, हाताशी इस्पितळ असूनही जो धोका पत्करत नाहीत, तो तुम्ही मांद्र्याच्या व्हिलात का पत्करावा? दोन प्रश्न स्वतःलाही विचारा. कधी तीन-चार रात्री जेमतेम झोपूनही अंगात प्रचंड उत्साह, भराभर बोलणं, उधळपट्टी असं झालंय का? कधी कुणी नसताना हाक ऐकू आलीय का? बाबा गेल्यानंतर त्यांचा आवाज आल्यासारखं वाटणं हे दुःखात अनेकांना होतं, त्याने घाबरू नका. त्याआधी असं काही झालं असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा.

हे सगळं थोतांड आहे, असं आम्ही म्हणणार नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेल्या 233 जणांना एकदाच 25, 10 किंवा 1 मिलिग्रॅम सायलोसायबिन दिलं. तीन आठवड्यांनी 25 मिलिग्रॅमवाल्यांची सुधारणा 1 मिलिग्रॅमवाल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. पण त्याच चाचणीत डोकेदुखी, मळमळ, चक्कर हे नेहमीचे त्रास होतेच, शिवाय काहींमध्ये आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करणंही दिसलं. ऑस्ट्रेलियाने जुलै 2023 पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना सायलोसायबिन आणि एमडीएमए लिहून द्यायची परवानगी दिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट 2024 मध्ये एमडीएमए उपचाराला परवानगी नाकारली आणि आणखी पुरावा मागितला. दोन्ही घटना एका वर्षाच्या अंतराने घडल्या. विषय आज नेमका कुठे उभा आहे, हे त्यावरून कळतं.

चाचण्यांतला जो भाग व्हिलात गाळला जातो, तोही बघा. जॉन्स हॉपकिन्सच्या 2020 च्या नैराश्याच्या अभ्यासात बोलण्याच्या बैठकांना एकूण सुमारे 11 तास दिले होते. त्यातला मोठा भाग कॅप्सूल देण्याआधीचा. एका रुग्णाजवळ दोन प्रशिक्षित माणसं, दिवसभर. आधी रक्तदाब, ईसीजी, औषधांची तपासणी. डोळ्यांवर पट्टी, ठरवलेलं संगीत, पलंगाजवळ उलटीसाठी भांडं. आणि नंतर पुन्हा बैठका. चौदांमागे एक माणूस असेल, तर एकाला उलटी झाली आणि दुसरी दार उघडून समुद्राकडे निघाली की तो कुणाकडे धावणार?

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. एलएसडी, सायलोसायबिन, डीएमटी (आयावास्कातलं द्रव्य), एमडीएमए हे सगळं 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. ‘उपचारासाठी’ किंवा ‘नैसर्गिक आहे’ म्हणून सूट नाही. एलएसडीच्या बाबतीत अल्प मात्रा म्हणजे 0.002 ग्रॅम आणि व्यापारी मात्रा 0.1 ग्रॅम. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षं. द्रव्य मायक्रोग्रॅममध्ये असतं, पण ते ज्या कागदावर असतं त्याचं वजन धरायचं का, यावर न्यायालयांत वाद झालेत. चार-पाच तुकडे जवळ ठेवणाऱ्याला वाटतं तितकं हे प्रकरण लहान राहत नाही. जो आपली जागा या कामाला देतो, त्यालाही कलम 25 लागू शकतं. मैत्रीण उद्या ‘तुझ्या फ्लॅटवरच करू’ म्हणाली तर हे लक्षात असू द्या.

मैत्रीण जाणारच, असं तुम्ही म्हणता. तिने जाऊ नये असंच आमचं मत आहे, आणि हे उत्तर तिला वाचायला द्या. तिच्या घरातही मानसिक आजार असेल, लिथियम चालू असेल, पूर्वी फिट आली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल, दिवस गेले असतील किंवा आत्महत्येचे विचार येत असतील, तर यातलं एकही कारण पुरेसं आहे. यातलं काही नसेल आणि ती तरीही निघाली, तर तिच्याजवळ पूर्ण शुद्धीतलं, तिच्या ओळखीचं माणूस असणं हे नसण्यापेक्षा शंभर पटीने बरं. पण तुम्ही स्वतः दुःखात आहात. दहा-बारा तास दुसऱ्याचं रडणं, ओरडणं सांभाळायची ताकद आज आपल्यात आहे का, हे प्रामाणिकपणे तपासा. नसेल तर तसं सांगणं म्हणजे तिला सोडून देणं नव्हे. आणि बसणार असाल तर एक घोटही घ्यायचा नाही, बिअरचासुद्धा.

आधी त्या चालवणाऱ्याला तिने फोन करावा आणि सरळ विचारावं. आजार आणि औषधांची माहिती कोण तपासतं? रात्रभर पूर्ण शुद्धीत कोण असणार? तो स्वतः घेणार आहे का? कुणी आधी निघतो म्हणालं तर काय करता? गाडी कुठली, कोण चालवणार, जवळचं इस्पितळ कोणतं? आणि अंगाला हात लावायचं काय ठरलंय? हा शेवटचा प्रश्न बायकांनी विचारलाच पाहिजे. कॅनडातल्या एका एमडीएमए चाचणीत, कॅमेरे चालू असताना, थेरपिस्टनीच रुग्ण स्त्रीबरोबर मर्यादा ओलांडल्याचं बाहेर आलं. या अवस्थेत माणूस नको म्हणू शकत नाही, किंवा त्याला त्या क्षणी नकोसं वाटतच नाही. म्हणून स्पर्शाचं आधी, शुद्धीत ठरवायचं: हात धरलेला चालेल, खांद्यावर हात चालेल, त्यापुढे काही नाही, आणि मध्येच बदल नाही. ‘समर्पण करा, प्रश्न विचारू नका’ असं उत्तर आलं, किंवा ‘आमच्याकडे आजवर कुणाला काही झालं नाही’ असं आलं, तर त्या घरात पाऊल ठेवू नका. फोन काढून घेतात का हेही विचारा. तुमचा फोन तुमच्याजवळच राहायला हवा.

काय देणार आहेत, हा पुढचा घोळ. सुकवलेल्या मशरूममध्ये सायलोसायबिन किती आहे, हे वजनावरून कळत नाही. एकाच पिशवीतल्या दोन मशरूममध्येही फरक असतो. चॉकलेट किंवा गमी असेल तर आत मशरूमच आहे याचीही खात्री नाही. कुणी ‘इथल्याच रानातले, पावसाळ्यात काढलेले’ म्हणालं तर अजिबात नको. श्रावणात रोयणीवरची (वारुळावरची) अळमी, म्हणजे खायचे रानमशरूम, काढणाऱ्या बायकांना रानातली जागा न् जागा पिढ्यान् पिढ्या माहीत असते, तरी शंका आली तर त्या ती तिथेच सोडून येतात. विषारी जातींपैकी काहींची लक्षणं सहा ते चोवीस तासांनी सुरू होतात: उलट्या, जुलाब, मग थोडं बरं वाटतं, आणि दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होतं. उशिरा सुरू झालेल्या उलट्या म्हणून कधीच अंगावर काढायच्या नाहीत. धोतऱ्याचं बी किंवा फूलही ‘नैसर्गिक’ म्हणून कुणी पुढे करेल, तो आपल्या प्रत्येक वाटेच्या कडेला उगवतो. त्याने उपचार होत नाही. तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, लघवी अडकलेली, अंग तापलेलं आणि दिवसभर खऱ्यासारखे भास, असं विष चढतं, आणि त्यातून माणसं दगावतात.

पेपरवर एलएसडीच असेल असं नाही. एनबोम नावाची द्रव्यं त्याच नावाने विकली जातात. एलएसडीला जवळजवळ चव नसते, हे मात्र जिभेवर कडू आणि बधिर लागतं. कडू लागलं की लगेच थुंकायचं, गिळायचं नाही. एहरलिख नावाचं रसायन एलएसडीच्या थेंबाबरोबर जांभळं होतं, एनबोमबरोबर होत नाही. पण जांभळं झालं म्हणून किती आहे ते कळत नाही, आणि दुसरं काही मिसळलेलं नाही हेही कळत नाही. आणि ‘मशरूम नाही मिळाले तर पेपर’ हे वाक्यच धोक्याचं आहे. मशरूमचा अनुभव साधारण चार ते सहा तास चालतो, एलएसडीचा आठ ते बारा. संध्याकाळी सातला घेतलेला पेपर पहाटेपर्यंत उतरत नाही. मशरूमच्या हिशोबाने मनाची तयारी केलेली माणसं रात्री दोनला ‘हे संपतच नाही’ म्हणून घाबरतात. कोणतं, किती, किती वाजता, हे आधी ठरलेलं नसेल तर मैत्रिणीने नाही म्हणावं.

वेळ सकाळची हवी. अशा अनुभवानंतर रात्रीची झोप लागणं फार महत्त्वाचं. आदल्या दिवशी दारू नाही, रात्री पुरेशी झोप, सकाळी हलकं खाणं: दोन इडल्या, पेज, केळं. जड जेवण मळमळ वाढवतं. घर तळमजल्याचं. समुद्र आणि तलाव चालत जाण्याच्या टप्प्यात नकोत. किनाऱ्यालगतची व्हिला स्वप्नवत वाटते, पण या अवस्थेत खोलीचा अंदाज जातो, लाटा बोलावतात, आणि पावसाळ्यात तर पट्टीचा पोहणाराही बाहेर येत नाही. स्विमिंग पूल असेल तर त्याच्या दाराला कुलूप. गच्चीचं दार बंद. स्कूटरच्या आणि कारच्या चाव्या तुमच्या पर्समध्ये, सगळ्यांच्या. पंखा किंवा एसी चालू, कारण मे महिन्याच्या दमटपणात नुसती बसलेली माणसंही तापतात. एक चादर, टॉवेल, बादली, संडासचा दिवा लावलेला. आरसे झाकून ठेवा, स्वतःचा चेहरा बघून अनेक जण घाबरतात.

घेतल्यानंतर पहिला तास सगळ्यात जास्त चुका होतात. मशरूमला वीस मिनिटं ते तासभर, पेपरला अर्धा ते दीड तास लागतो, पोट भरलेलं असेल तर आणखी. ‘काहीच होत नाही, अजून दे’ याला एकच उत्तर: आज दुसरा डोस नाही. हे ती शुद्धीत असताना कागदावर लिहून घ्या, सही घ्या, आणि मागेल तेव्हा तो कागद दाखवा. दारू, गांजा, भांग यातलं काही वर चढवू नका. उतरत आलेली ट्रिप गांजाच्या दोन झुरक्यांनी परत जोरात उसळते आणि भीती घेऊन येते.

ती रडली तर रडू द्या. चूप करू नका, अर्थ सांगू नका, ‘बघ, हे तुझ्या वडिलांबद्दल आहे’ असं तर मुळीच म्हणू नका. ती घाबरली तर आवाज खाली, वाक्यं लहान: ‘मी इथेच आहे. तू काहीतरी घेतलंयस. हे उतरणार आहे. आता चार वाजलेत.’ भासाशी वाद घालू नका, होकारही देऊ नका. खोली बदला, गाणं बदला, मोठा दिवा बंद करून छोटा लावा, पायाखाली थंड फरशी लागू द्या. बहुतेक वेळा एवढ्याने वीस-तीस मिनिटांत लाट ओसरते. देवळात कुणाला भार आला की त्याला सांभाळायला चार माणसं आधीच ठरलेली असतात, कुणी त्याच्याशी हुज्जत घालत नाही आणि कुणी त्याला एकटं सोडत नाही. इथे ती चार माणसं म्हणजे तुम्ही एकट्या. म्हणून संडासला गेली तरी दाराशी उभ्या राहा, कडी लावू देऊ नका.

घरातली झोपेची किंवा मानसिक आजाराची गोळी ‘ट्रिप उतरवायला’ म्हणून कुणाला देऊ नका. डोस, वेळ, श्वास, आधी काय घेतलंय, यातलं काहीच हातात नसताना ते काम इस्पितळाचं.

पाण्याबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. एमडीएमए घेतलेल्याला ‘पाणी पी, पाणी पी’ करत राहतात. शरीर तेव्हा पाणी धरून ठेवतं, रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते, आणि त्याने तरुण मुली गेल्या आहेत. शांत बसलेल्या माणसाला तासाला पेलाभर पुरे, म्हणजे साधारण 250 मिलिलिटर. नाचून घाम गाळत असेल तर अर्ध्या लिटरपर्यंत, घोट घोट. नारळपाणी चांगलं असलं तरी त्यात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त, त्यामुळे ते ओआरएसची जागा घेत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्येच घोळायचं, अर्ध्या लिटरमध्ये नाही.

काही लक्षणांत वाट बघायची नसते. फिट येणं. अंग तापून कडक होणं, पायाचे झटके, जबडा आवळलेला. छातीत दुखणं. हाक मारून शुद्धीवर न येणं. श्वास अडखळणं. बेशुद्धीत उलटी होणं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचा प्रयत्न. आणि उतरण्याची वेळ टळून सहा तास झाले तरी भास तसेच. यातलं एकही दिसलं की 108 फिरवा. शुद्ध नसेल तर एका कुशीवर वळवा, तोंड खाली झुकलेलं, तोंडात काही घालू नका. अंग तापलं असेल तर कपडे सैल करा, ओला पंचा काखेत आणि मानेवर ठेवा, पंखा सोडा. अँब्युलन्सला व्हिलाचं इंग्रजी नाव सांगून उपयोग नाही, पेडणे तालुक्यात त्या नावाच्या दहा असतात. सकाळीच गुगल मॅपची पिन काढून ठेवा, वाड्याचं नाव, जवळचं देऊळ किंवा कपेल (छोटं चर्च) आणि वळणावरचं दुकान कागदावर लिहून ठेवा, आणि एकाला रस्त्यावर उभं करा.

डॉक्टरांना काय घेतलं, किती वाजता, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे खरं सांगा. उरलेला तुकडा असेल तर बरोबर न्या. इस्पितळ पोलिसांसाठी नोंद करू शकतं, हे लपवणार नाही. त्या भीतीने तासभर थांबलेल्यांचे जीव गेले आहेत, आणि खरी माहिती नसेल तर डॉक्टर चुकीच्या दिशेने शोधत बसतात.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी चालवायची नाही. राजीनामा, घटस्फोट, घरच्यांना लांबलचक मेसेज, जमीन विकणं, यातलं काहीही किमान दोन आठवडे नाही. त्या रात्री सापडलेलं ‘सत्य’ कधी खरं असतं, कधी नसतं, आणि कुठलं कुठलं ते त्या आठवड्यात कळत नाही. आठवलं तेवढं चोवीस तासांत वहीत उतरवून ठेवावं आणि समुपदेशकाची वेळ आधीच घेतलेली असावी, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारी उदासी फोन करायचं बळ ठेवत नाही. सलग दोन रात्री झोप नाही आणि तरी बोलणं-चालणं भरधाव, कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवतंय, टीव्हीतून मला संदेश येतोय, असं काही असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. डोळ्यांपुढे रेषा आणि सावल्या आठवडेभर राहिल्या तरी दाखवा.

आता पुन्हा तुमच्याकडे. तुम्हाला जे हवंय ते रास्त आहे, आणि त्याला त्या व्हिलाशिवाय वाटा आहेत. आठ महिने 10 मिलिग्रॅमवर झोप सुधारली पण ओझं हललं नाही, म्हणजे उपचार संपले नाहीत, अर्धे झालेत. हे औषध 20 मिलिग्रॅमपर्यंत वाढवता येतं, बदलता येतं, आणि मुख्य म्हणजे त्याला बोलण्याच्या उपचाराची जोड लागते. तुमच्या पत्रात ती कुठेच दिसली नाही. ते दोन मिस्ड कॉल गोळीने पुसले जाणार नाहीत, मशरूमनेही नाही. त्या दुपारबद्दल कुणासमोर तरी, सावकाश, एकेक मिनिट बोलावं लागणार आहे. दीर्घ शोकासाठी नेमकं हेच करणारी थेरपी आहे. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत, ज्याला सगळे आयपीएचबी म्हणतात, ओपीडीत जा. मामामुळे तिथे जायला मन कचरत असेल तर पर्वरीच्या संगाथ या संस्थेकडे चौकशी करा. गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी साध्या, प्रशिक्षित समुपदेशकांकडून नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला आणि 2017 मध्ये त्याचा चांगला परिणाम दाखवून दिला. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

दोन-तीन औषधं पुरेशा काळ, पुरेशा मात्रेत घेऊनही फरक नसेल, तर डॉक्टरांना केटामाइनबद्दल विचारा. भूल द्यायचं हे जुनं औषध भारतात इस्पितळात कायदेशीरपणे वापरलं जातं. नैराश्यात साधारण वजनाच्या किलोमागे 0.5 मिलिग्रॅम, चाळीस मिनिटांत शिरेतून, रक्तदाब मोजत देतात. परिणाम तास-दिवसांत दिसू शकतो, पण आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो, म्हणून फेऱ्या कराव्या लागतात. मामाचा आजार इथेही आधी सांगायचा, कारण भास होणाऱ्या आजारात हेही टाळतात. आणि जोरजोरात श्वास घ्यायच्या ज्या कार्यशाळा मोरजी, हरमलच्या बाजूला भरतात, त्या ‘द्रव्य नाही म्हणून सुरक्षित’ असं समजू नका. फिट्स, हृदयविकार, गरोदरपण आणि घरात भासांचा आजार असलेल्यांनी त्याही डॉक्टरांना विचारूनच कराव्यात.

आईला सगळं सांगायची सक्ती नाही. पण मामाचा आजार कधी सुरू झाला, निदान काय होतं, कुठलं औषध लागू पडलं, हे तिलाच माहीत असणार. तेवढं विचारून घ्या, कारण तुमच्या डॉक्टरांना ते हवं आहे. सोमवारी फोन करा आणि सुरुवातीला एवढंच सांगा: ‘आठ महिने एसिटालोप्राम 10 घेतेय, वडिलांचं दुःख कमी होत नाही, मामाला स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे, आणि मला कुणीतरी मशरूम घ्यायला सांगितलंय.’ शेवटचं वाक्य गाळू नका. त्यावर ओरडणारा डॉक्टर भेटला तर दुसरा बघा. गोळी मात्र आज रात्रीही रोजच्या वेळेला घ्या.